वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, स्वस्तातला फॅन

एप्रिल लागला की या सदराच्या टपालात तापणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. पूर्वी वाचक विचारायचे, ‘गाडी गरम होते, काय करू?’ हल्ली विचारतात, ‘इलेक्ट्रिक फॅन मागवलाय, कसा लावू?’ म्हणजे निर्णय झालेला असतो, पैसे गेलेले असतात, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. या वेळी तो सगळ्यांना मिळणार नाही. पत्रं एकाच विषयाची आली म्हणून या अंकात दुसरं काही घेतलेलं नाही. ज्यांनी क्लचबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी आहे, १९८९ची. इंदिरानगरहून पंचवटीत जाताना द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलो की काटा लालकडे सरकतो. हायवेनं ओझरपर्यंत गेलो तर मात्र काहीच होत नाही. ऑनलाइन बाराशे रुपयांत १२ इंची, ८० वॅटचा फॅन मिळाला. मेकॅनिक म्हणतो, मूळचा फॅन काढून टाका आणि हा लावा, ॲव्हरेजही वाढेल. काढू का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ओझरची ती एक ओळ लिहिलीत, म्हणून तुम्हाला नीट उत्तर देता येतंय. बहुतेक जण नुसतं ‘गरम होते’ एवढंच लिहितात. गाडी उभी असताना तापते आणि चालायला लागली की काटा खाली येतो, याचा अर्थ वारा कमी पडतोय. उलट मोकळ्या रस्त्यावर ६०-७०च्या वेगात तापत असेल, तर वाऱ्याचा संबंध नाही. रेडिएटरच्या नळ्या तुंबल्यात, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलाय, पंपाची पाती झिजलीत, टायमिंग मागे गेलंय, यातलं काहीतरी आहे. फॅन वारा देतो, पाणी फिरवत नाही. त्या दुसऱ्या प्रकारच्या गाडीला कितीही मोठा फॅन लावा, काटा जिथे जायचा तिथेच जाणार. तुमची गाडी पहिल्या प्रकारातली आहे. तेव्हा फॅनचा विचार चुकीचा नाही.

पद्मिनीत मूळचा फॅन वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेला असतो आणि बेल्टवर फिरतो. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर, आलं की तोही तेवढाच सुस्त होतो. म्हणजे द्वारकेला, जिथे वारा सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो सगळ्यात कमी मिळतो. हायवेवर पुढच्या जाळीतून वारा आपोआप आत येतो, आणि तिथे हा फॅन जोरात फिरून फुकट ताकद खातो. किती खातो? फॅनच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की लागणारी ताकद आठपट होते. त्यामुळे मेकॅनिकच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ॲव्हरेजची आशा फार धरू नका. इलेक्ट्रिक फॅनचा करंटही शेवटी त्याच इंजिनातून, त्याच बेल्टमधून येतो. शहरात फिरणाऱ्या गाडीला पेट्रोलच्या बिलात फरक दिसायचा नाही. आवाज कमी होईल आणि हायवेवर इंजिन थोडं मोकळं वाटेल, बस.

आता तुम्ही जे लिहिलंच नाही त्याबद्दल. बॅटरी चार्ज करायला गाडीत डायनॅमो आहे की अल्टरनेटर? माझ्या मते सगळं उत्तर इथे अडतं. बोनेट उघडून बघा. लांबट, बंद, लोखंडी नळकांडं असेल आणि बोनेटखाली कटआउटची (चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची) वेगळी डबी असेल तर तो डायनॅमो. आखूड, जाड, अंगावर खाचा आणि पुलीमागे छोटा पंखा असेल तर अल्टरनेटर. जुन्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बदललंय याचा भरवसा नसतो, म्हणून कागदावरच्या मॉडेलवरून ठरवू नका.

डायनॅमो पूर्ण वेगात असताना जेमतेम २० ते २२ अँपिअर देतो. हिशेब करा. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअर. मागचे-पुढचे पार्किंग दिवे २. इग्निशन कॉइल ४. वायपर ३. त्यात तुमचा ८० वॅटचा फॅन ७. झाले २५. पावसाळी रात्री डायनॅमो हरला. पण त्याहून वाईट म्हणजे आयडलला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. द्वारकेला गाडी उभी असताना फॅनचे ७, कॉइलचे ४ आणि ब्रेकवर पाय असेल तर ब्रेकलाइटचे साडेतीन, हे सगळं बॅटरीतून जातं. अर्धा तास अडकलात तर सात अँपिअर-अवर गेले. ३५ अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा, आणि तुमची बॅटरी चांगली आहे असं मी धरून चाललोय. इंजिन थंड राहील, पण गाडी ढकलावी लागेल.

म्हणून डायनॅमो असेल तर आधी एखाद्या छोट्या गाडीचा ३५-४० अँपिअरचा अल्टरनेटर बसवून घ्या. ब्रॅकेट करावं लागतं, जुना कटआउट बाजूला करावा लागतो, चार्जिंगच्या दिव्याची वायर बदलावी लागते. हे काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे, घरी करू नका. खर्च फॅनपेक्षा जास्त येईल. तो करायचा नसेल तर मूळचा फॅन तसाच ठेवा, बेल्ट नीट ताणा आणि आयडल थोडा वर घ्या. बाराशे रुपयांचा फॅन परत करता येतो का बघा.

अल्टरनेटर आहे असं धरून पुढे. ते ८० वॅट खोक्यावरचे आहेत. फॅन बॅटरीला थेट जोडा आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीभोवती धरा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, तेवढं पाहून घ्या. ६ ते ७ अँपिअर आले तर खोका खरं बोलतोय. ३-४ आले तर तो खेळण्यातला पंखा आहे. वाऱ्याचे आकडेही असेच असतात. ते फॅन टेबलावर मोकळा ठेवून काढलेले असतात, समोर रेडिएटरचं दाट जाळं नसतं. जाळं लावलं की वारा बराच पडतो. माझी चाचणी साधी आहे. फॅन बसवल्यावर रेडिएटरच्या समोरच्या बाजूला वर्तमानपत्राचं अर्धं पान लावायचं. फॅननं ते ओढून धरून ठेवलं पाहिजे. घसरून खाली आलं तर वारा जाळ्यातून नाही, बाजूच्या फटींतून येतोय.

त्या फटींवर लोकांचं लक्षच नसतं. रेडिएटरचं जाळं मोजा. समजा ते १५ बाय १५ इंच भरलं, म्हणजे २२५ चौरस इंच. १२ इंची फॅनचं वर्तुळ ११३ चौरस इंचांचं. फॅन जाळ्याला चिकटवून बसवला तर निम्म्या रेडिएटरला वाराच लागत नाही, बाकीचं निम्मं नुसतं वजन. म्हणून पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं काऊल करून घ्या. पूर्ण जाळं झाकणारं, मध्ये फॅनच्या मापाचं भोक असलेलं, जाळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर. सातपूर-अंबडमध्ये पत्र्याचं काम करणारा कोणीही तासाभरात वाकवून देईल. सगळ्या चार कडांना दारं-खिडक्यांना लावतात तसली फोमची पट्टी लावा. मला विचाराल तर फॅनवर पाचशे रुपये कमी घाला, पण काऊलवर घाला.

आणखी एक, जे मेकॅनिक घाईत विसरतात. मूळचा फॅन काढला की त्याच्या जाडीइतके पुलीचे बोल्ट लांब पडतात. तेच परत लावले तर ते आत टेकतात. हाताला आवळल्यासारखे वाटतात, पण पुली ढिलीच राहते आणि मग आठवड्याभरात पंपाचा आवाज सुरू होतो. आखूड बोल्ट लावा किंवा फॅनच्या जाडीची चकती घाला. काढलेला फॅन माळ्यावर ठेवा. पद्मिनीचं काहीही भंगारात देऊ नये.

प्रश्न : फॅन रेडिएटरच्या पुढे लावावा की मागे? आणि सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळ्यातून आरपार ओवायच्या म्हणतात, ते बरोबर आहे का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, ओढणारा. पुढे लावलेला फॅन हायवेवर येणारा वाराच अडवतो. मागे जागा नसेल तरच पुढे.

पट्ट्या फेकून द्या. गाडी हादरते, पट्टी जाळ्याच्या फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्या) घासते, वर्षभरात एखादी नळी पाझरायला लागते. रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीला छोटी लोखंडी ब्रॅकेट करून त्यावर फॅन बसवा, मध्ये रबरी वॉशर.

दिशा तपासायला उदबत्ती पुरते. धूर पुढच्या जाळीतून आत, इंजिनाकडे जायला हवा. उलटा जात असेल तर वायरी अदलाबदल केल्यावर फॅन उलट फिरेल खरा, पण पाती तिरकी-वळवलेली असतील तर वारा कमीच पडेल. पातं मोटारीवरून काढून उलटं बसवता येतं का ते पाहा, आणि तेव्हाच वायरी बदला. काही फार जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. तिथे सवयीनं काळी वायर बॉडीला जोडलीत तर फॅन हमखास उलटा फिरणार.

प्रश्न : आमची १९९६ची महिंद्राची डिझेल जीप आहे, बागेत आणि गावात चालते. वर्षातून एकदा सगळं घर सप्तशृंगी गडावर जातं. नांदुरी सोडून घाट लागला की अर्ध्यातच पाणी उकळतं, बायका-पोरांना उतरून उभं राहावं लागतं. भाच्यानं मोबाइलवर बघून ठरवलंय की मोठा फॅन काढायचा आणि १० इंची दोन इलेक्ट्रिक फॅन लावायचे. लावू का? – एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : भाच्याला थांबवा, पण रागावू नका. त्याला वाटतंय ते शहरातल्या कारला लागू पडतं.

सप्तशृंगीच्या घाटात तुमची जीप दुसऱ्या गिअरमध्ये चढते. वेग २०-२५, पण इंजिन अडीच-तीन हजारांवर ओरडत असतं. बेल्टवरचा फॅन नेमका तेव्हा सगळ्यात जोरात असतो. घाटात तोच तुमचा आधार आहे. भाच्याच्या दोन फॅनचे मिळून १६० वॅट धरा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे दोन्ही मिळून पाव हॉर्सपॉवरही नाही. तुमचा मोठा फॅन त्या फेऱ्यांवर एकापेक्षा जास्त हॉर्सपॉवर सहज घेतो आणि तेवढा वारा ओढून दाखवतो. एक काढून दुसरं लावलं तर नांदुरीच्या पहिल्या वळणावरच उतरावं लागेल.

मग पाणी का उकळतं? बोनेट उघडा आणि फॅनभोवती गोल काऊल आहे का ते बघा. माझ्या अंदाजानं नसेल. मागे कधीतरी रेडिएटर काढताना ते आडवं आलं म्हणून कुणीतरी काढून ठेवलं असेल आणि नंतर कुणाला आठवलं नसेल. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या जीपांमध्ये हे इतक्या वेळा दिसतं, की मी पाण्याकडे बघण्याआधी काऊलकडे बघतो. काऊल नसलं की फॅन रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी बोनेटखालचीच गरम हवा गोल फिरवत बसतो. मूळ मापाचं काऊल मिळवा किंवा करून घ्या. फॅनची पाती काऊलच्या कडेत अर्धी आत आणि अर्धी बाहेर हवीत.

पुढची तपासणी रेडिएटरच्या जाळ्याची. तुमची जीप बागेत फिरते. फवारणीचे थेंब, माती, किडे, पाल्याचा चुरा, सगळं त्या फिनमध्ये घट्ट बसतं. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारा, म्हणजे अडकलेलं ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं बाहेर जाईल. जोर कमी ठेवा. फवारणीच्या जास्त दाबाच्या (एचटीपी) पंपाची गन मारली तर फिन आडव्या होतील आणि काम वाढेल.

मग नळ्या. पाणी बोअरचं भरता ना? त्या भागातल्या बोअरच्या पाण्याला क्षार असतोच, तो आत साचतो. इंजिन गरम करा, बंद करा आणि तापमान मोजायच्या बंदुकीनं जाळ्यावर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजत जा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर त्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या सोडून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून क्षार काढणं) करून घ्या, नवा घेण्याची गरज नाही. नंतर बोअरचं पाणी बंद, तयार कूलंटच भरा.

बेल्ट अंगठ्यानं दाबला तर मध्यावर साधारण एक सेंटिमीटर जावा. जास्त जात असेल तर तो घसरतोय, आणि जोर लागतो त्या चढावरच घसरतो.

शेवटी टोपी. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटरवर आहे. उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गडाकडे वर जाल तसं आणखी कमी, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. रेडिएटरची टोपी आत दाब धरून ठेवते, आणि दर पौंड (पीएसआय) दाबामागे उकळण्याचा बिंदू अंदाजे दीड अंशानं वर जातो. टोपीचं रबर कडक झालं असेल तर ती सगळी मुभा गेली. कंपनीनं दिलेल्या दाबाचीच नवी टोपी घ्या. जास्त दाबाची लावून शहाणपणा करू नका, जुन्या टाकीचे जोड सुटतात.

एवढं करूनही उकळलं तर थंड इंजिनावर टोपी काढून गाडी सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. मग फॅनचा विषय संपला.

घाटात काटा वर चढायला लागला तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये आयडलपेक्षा थोड्या वरच्या फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. फॅन आणि पंप दोन्ही चालू राहतात, काटा खाली येतो. पाणीच निघून गेलं असेल तर मात्र लगेच बंद करा. आणि गरम रेडिएटरची टोपी कुणालाही उघडू देऊ नका, ओला फडका घेऊनसुद्धा नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. काकांच्या जुन्या ॲम्बेसेडरला फॅन बसवलाय. डॅशबोर्डवर साधा स्विच लावून तो चालू-बंद करतो. स्विच गरम होतो आणि फॅन हळू फिरतो असं वाटतं. रिले लावायला सांगतात, त्याच्या पिना समजत नाहीत. – एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : स्विच गरम होतो म्हणजे फॅनला जायची वीज वाटेतच जळतेय. फॅनचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून आणि परत पुढे असा फिरवलायस. मल्टीमीटर घे. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोज आणि मग फॅनच्या कनेक्टरवर मोज. बॅटरीवर साडेतेरा आणि फॅनवर बारा असेल तर दीड व्होल्ट वायरीनं खाल्ला. मोटार तेवढी हळू फिरणार, वाराही तेवढाच कमी.

रिले म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरवर बॅटरीची जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ नंबरवरून फॅन. फॅनची दुसरी वायर बॉडीला, रंग खरवडून, बोल्टखाली घट्ट. ८६ला इग्निशननंतरची बारीक वायर. ८५ थर्मोस्विचमधून बॉडीला. म्हणजे पाणी तापलं की थर्मोस्विच ८५ला अर्थिंग देतो, रिले टक्कन वाजतो, फॅन सुरू. बारीक वायरीतून जेमतेम पाव अँपिअर जातो, त्यामुळे स्विच गरम व्हायचं कारणच राहत नाही.

पाच पिनांचा रिले आणलास तर मधल्या पिनेवर ८७ए लिहिलेलं असतं. तिथे फॅन जोडू नकोस. ती पिन रिले बंद असताना चालू असते. मग गाडी थंड असताना फॅन फिरतो, बॅटरी उतरते, आणि पाणी तापलं की नेमका बंद पडतो. असली गाडी माझ्याकडे आली आहे. मालक म्हणत होता, फॅनच खराब आहे.

वायर दुकानात ‘अडीच एमएम’ म्हणून माग, गाडीची वायर असं सांगून. घरगुती फिटिंगची नको, बोनेटखालच्या उष्णतेनं तिचं प्लॅस्टिक मऊ पडतं. ७ अँपिअरच्या फॅनला १५चा फ्यूज पुरे. मोटार सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते, तेवढं तो सोसतो. फॅन जाम झाला तर मात्र उडतो, आणि तो उडायलाच हवा.

थर्मोस्विच कितीचा, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. गाडीतला थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर तो ८२ला उघडायला सुरुवात करतो, पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश जातात. फॅनचा स्विच त्याच्या बराच खाली लावलास तर फॅन कधी बंदच होणार नाही. ९२ला चालू आणि ८७ला बंद होणारे स्विच बाजारात सहज मिळतात, रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) बसवायला ते योग्य. खालच्या होजमध्ये बसवायचा तर आकडा कमी हवा, कारण तिथे पाणी रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं असतं. होज मध्ये कापून बसवायचा धातूचा जोड मिळतो. जोडावर दोन्ही बाजूंनी रबरी होज असतो म्हणजे त्याला अर्थिंग नसतं, ते वेगळ्या वायरीनं द्यायला विसरू नकोस. अर्धे ‘स्विच खराब निघाला’ म्हणणारे इथेच अडकलेले असतात.

फिनमध्ये खुपसायची सुई आणि फिरवायची कळ असलेला कंट्रोलर स्वस्त पडतो, पण सुई हलली की सेटिंग बदलतं. मी लावत नाही.

डॅशबोर्डवरचा स्विच काढू नकोस. तो थर्मोस्विचला समांतर जोड, सोबत लाल दिवा लाव. कसारा घाटाच्या पायथ्याशी आलास की हातानं आधीच सुरू करता येतो. पण नुसत्या हाताच्या स्विचवर गाडी ठेवू नकोस. तू लक्ष ठेवशील, काका गप्पांत विसरतील.

प्रश्न : माझी मारुती ८०० आहे. गेल्या वर्षी फॅन लागत नव्हता म्हणून गॅरेजमध्ये दिली. तेव्हापासून चावी फिरवली की लगेच फॅन सुरू होतो आणि गाडी बंद करेपर्यंत चालूच राहतो. ते म्हणाले, हे चांगलंच आहे, गाडी थंड राहील. खरंच चांगलं आहे का? – एक शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : नाही, ताई. त्यांनी फॅन ‘डायरेक्ट’ केलाय. थर्मोस्विच बिघडला होता, तो बदलण्याऐवजी त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. दहा मिनिटांचं काम, आणि खराब भाग अजून गाडीतच आहे.

तुमच्या गाडीत फॅन कंपनीकडूनच इलेक्ट्रिक आहे. त्याचा फायदाच हा की गरज नसेल तेव्हा तो बंद राहतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ किती गार असते ते तुम्हाला माहीतच आहे, निफाडचा पारा तर दरवर्षी बातमीत असतो. अशा सकाळी फॅन पहिल्या मिनिटापासून चालला तर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, गाडी कार्बुरेटरची असेल तर चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. फॅनच्या मोटारीचे कार्बन ब्रश झिजतात आणि एक दिवस तो मुकाट्यानं बंद पडतो. फॅन कायम चालू असायची सवय झाल्यामुळे तो बंद पडलाय हे लक्षातही येत नाही.

थर्मोस्विच बदलून घ्या आणि वायरी पूर्ववत करायला सांगा. जुना खरंच खराब आहे का हे पाहायचं असेल तर मल्टीमीटरच्या दोन वायरी त्याच्या पिनांना लावून त्याचं धातूचं टोक तापत्या पाण्यात बुडवायचं, सोबत थर्मामीटर ठेवायचा. ठरलेल्या अंशाला मीटर वाजला पाहिजे. पण वर जीपवाल्यांना सांगितलं तेच इथे लागू आहे. नाशिकात उघड्या पातेल्यातलं पाणी ९८च्या वर जात नाही. स्विचवर त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर पाण्यात तो कधीच लागणार नाही, आणि चांगला स्विच तुम्ही फेकून द्याल. तेव्हा पाण्याऐवजी लहान पातेल्यात गोडेतेल घ्यायचं, आच मंद ठेवायची, आणि पिना तेलाच्या वर राहतील असं धरायचं. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

एक खात्री करून घ्या. फॅन डायरेक्ट करताना त्यांनी थर्मोस्टॅटही काढलाय का, ते विचारा. ही दोन्ही कामं पुष्कळदा जोडीनं केली जातात. काढला असेल तर परत बसवा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडच चालतं, तेलातला ओलावा उडत नाही, आणि ऑइलच्या टोपीखाली पांढरट साय दिसायला लागते.

प्रश्न : नवा घेण्यापेक्षा अंबड लिंक रोडच्या बाजूला भंगारवाल्याकडे जुन्या गाडीतला कंपनीचा मूळ फॅन काऊलसकट मिळतोय. घ्यावा का? – एक वाचक, सिडको

उत्तर : घ्या. खोक्यातल्या बिननावाच्या नव्या फॅनपेक्षा कंपनीच्या गाडीतून उतरवलेला जुना फॅन मी कधीही घेईन. त्याची मोटार पावसा-चिखलात वर्षानुवर्षं चालायला बनवलेली असते, आणि काऊल मोजून केलेलं असतं.

जाताना १२ व्होल्टची लहान बॅटरी आणि दोन वायरी घेऊन जा. आधी पातं हातानं फिरवा. मोकळं फिरून हळूच थांबायला हवं, मध्येच अडकायला नको. शाफ्ट वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर बुश (शाफ्टचा आधार) गेलाय. मग बॅटरी लावा. पहिल्यांदा खर्र आवाज आला आणि दुसऱ्यांदा गेला तर तो गंज आहे, चालेल. आवाज तसाच राहिला तर सोडा. पात्यांच्या टोकांना तडा आहे का ते उजेडात धरून पाहा, तडा असलेलं पातं वेगात सुटतं आणि रेडिएटर फाडतं. मोटारीच्या बुडाला पाणी निघायचं भोक असतं, ते मातीनं बुजलेलं असेल तर काडीनं मोकळं करा आणि बसवताना ते खालीच येईल असं बघा.

कनेक्टर कापू देऊ नका. भंगारवाला घाईत कटर चालवतो. त्याच्याकडून वायरीसकट समोरचा अर्धा कनेक्टरही मागून घ्या, तेवढ्यासाठी वीस-पंचवीस रुपये जास्त मागितले तरी द्या. आणि रिले जुना घेऊ नका, तो नवाच लावा.